बुडाला लागलेली पळी

"काका, हा शेरा तुम्ही खोडलात का?" असं विचारत पाहणीवाली मुलगी टेबलासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा तपासनीस पंख्याच्या वाऱ्याने उडू पाहणाऱ्या गठ्ठ्यावर कोपर टेकवून एका फॉर्मच्या चौकटीत लाल शाईने तीनचा आकडा काढत होता. त्याने मान वर केली नाही. एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. खेड्यापाड्यांतून भरलेले फॉर्म यायचे. घरात स्वयंपाक कोण करतं, मुलं कुठे बसून जेवतात, खाण्याच्या वस्तू मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवतात की उंचावर, मूल जेवताना पुन्हा मागतं का, न मागितल्यास कारण काय. पाहणीला गेलेल्या पोरापोरींनी पुढे वेड्यावाकड्या अक्षरांत काय काय लिहिलेलं असायचं, आणि त्या सगळ्याचा एकेक आकडा करायचा, हे तपासनिसाचं काम. आवडत नाही, एक. आजारी, दोन. पोट भरलं, तीन. असं आठपर्यंत. नऊ म्हणजे इतर. नऊ आला की वरून विचारणा व्हायची, फॉर्म परत जायचा, पुन्हा पाहणी, पुन्हा सह्या. तेव्हा नऊ न काढण्यात तपासनिसाचा हातखंडा होता. शेजारच्या टेबलावर बसून या सगळ्या आकड्यांच्या बेरजा करणारे एक जाडजूड गृहस्थ होते, त्यांना सगळे आकडेवाले म्हणत. ते म्हणायचे, "याच्यापुढे हत्ती आणून उभा करा, हा त्याचाही तीन करून दाखवेल." तपासनिसाला हे ऐकून बरं वाटायचं. माणसाला कशाचं ना कशाचं कौतुक लागतंच, आणि त्याच्या वाट्याला दुसरं कुठलं येण्याची शक्यता आता उरलेली नव्हती.

मुलीने फॉर्म त्याच्या नाकाखाली सरकवला. समासात तिने लिहिलेलं एक वाक्य होतं आणि त्याच्यावरून पट्टी ठेवून मारलेली लाल रेघ होती. रेघ त्याचीच होती, इतकी सरळ रेघ त्या खात्यात दुसरं कुणी मारत नसे. रेघेखालून अक्षरं स्वच्छ दिसत होती. 'कालवणाच्या पातेल्याच्या बुडाला पळी लागल्याचा आवाज झाला, की तिन्ही मुलं पुरे म्हणून उठतात.' तपासनिसाने ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. टेबलाखाली त्याने चपला काढून ठेवल्या होत्या, आणि तळव्यांना फरशी एकदम गार लागायला लागली. आपण हे खोडलं, म्हणजे आपण हे वाचलं होतं. वाचल्याशिवाय तो काही खोडत नसे. मग तेव्हा काहीच कसं झालं नाही?

"पुरे म्हणतात ना? म्हणजे पोट भरलं. तीन," तो म्हणाला.

"पण भरलेलं नव्हतं हो. मी समोर बसले होते. धाकटा तर ताट चाटत होता. त्या बाई वाढत होत्या, पळी खाली घासली, आणि तिघं एका दमात उठले. शिकवल्यासारखे."

"मग त्या बाईंना विचारायचं होतं."

"विचारलं. त्या म्हणाल्या, माझी पोरं हावरी नाहीत. खोटं नव्हत्या बोलत, काका. मला वाटतं, आपण पळी वाजवतो हे त्यांना माहीतसुद्धा नसेल."

"तुम्हाला काय माहीत त्यांना काय माहीत ते!" तपासनीस म्हणाला, आणि ते इतक्या जोरात म्हणाला की आकडेवाल्यांनी बेरीज अर्धी सोडून वर पाहिलं. हा नाकासमोर चालणारा माणूस, कुणावर ओरडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिचं नाक उन्हाने सोललं होतं, खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा एका बाजूने दोऱ्याने शिवलेला होता. फॉर्म तिने परत घेतला नाही. तो तिथेच ठेवून, "बघा तुम्ही," एवढंच म्हणून ती गेली. तपासनिसाने पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आता कुठे अकरा वाजत होते, आणि दिवसभर विटा वाहिल्यासारखे त्याचे खांदे भरून आले होते.

त्याच्या आईची पळी लोखंडाची होती. दांडा वर वाकवलेला, भिंतीतल्या खुंटीला अडकवायला. चौघं भावंडं भिंतीला पाठ लावून ओळीने बसायची, थोरला भाऊ, ताई, हा स्वतः, आणि चुलीच्या उबेला धाकटा. आई आडवी बसायची, अशी की पातेल्यात किती आहे ते तिच्या गुडघ्याआड जायचं. पहिल्यांदा सगळ्यांना, मग दुसऱ्यांदा सगळ्यांना, आणि दुसऱ्या फेरीत कुठेतरी तो आवाज यायचा, लोखंड पितळेवर घासल्याचा, कर्र असा, फार मोठाही नाही. थोरला म्हणायचा, पुरे. ताई म्हणायची, पुरे. हा म्हणायचा, पुरे, पुरे. आणि खरंच त्या क्षणी भूक जायची, ही गंमत कुणाला सांगून पटायची नाही. पोट भरायचं नाही, पण भूक जायची, वर्गात मास्तर आले की बडबड जावी तशी. संपलं हा शब्द त्या घरात कुणी कधी उच्चारला नाही. आईने तर नाहीच. वडील वीटभट्टीवरून अंधार पडल्यावर यायचे, त्यांच्यासाठी पातेल्यात दोन पळ्या शिल्लक असायच्या, हे त्याला फार पुढे कळलं. एकदा अंगणात विसरलेली पाटी घ्यायला तो परत आत आला, तर आई पातेल्यावर ताट झाकत होती आणि तळाशी कालवण चांगलं दिसत होतं. म्हणजे पळी बुडाला लागायची ती संपलं म्हणून नव्हे, आई ती लावायची. आणि लावायची म्हणावं तर तिच्या चेहऱ्यावर तसं काहीही नसायचं. श्वास घ्यावा तितकं ते तिच्या हाताला सोपं होतं. ती स्वतः काय जेवायची, ते चौघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.

धाकट्याला मात्र ते उशिरा कळलं. तीन-साडेतीन वर्षांचा असेल. पळी घासली, तिघं म्हणाले पुरे, आणि धाकट्याने ताट पुढे केलं, मला. आईचा हात तसाच थांबला. तेव्हा यानेच, ताईने नव्हे की थोरल्याने नव्हे, यानेच धाकट्याच्या मांडीला असा चिमटा काढला की पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. रडला नाही. हळूच म्हणाला, पुरे. आई म्हणाली, "गुणाचं गं माझं लेकरू." त्या रात्री चिमटा काढल्याचा अभिमान वाटला होता, हे आठवून तपासनिसाला आता, इतक्या वर्षांनी, टेबलाशी बसल्या बसल्या लाज वाटली.

आणि त्या घरी एकदा एक माणूस आला होता. वही घेऊन, शहरातून, धुळीने पांढऱ्या झालेल्या बुटांचा. ओट्यावर बसून त्याने चौघांना जवळ बोलावलं आणि विचारलं, "काय रे, पोटभर जेवता ना?" चौघं एका सुरात म्हणाले, हो. आईने दाराआडून ऐकलं आणि तिची मान ताठ झाली, तेही दिसलं. त्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल, हे आता विचारायची गरज नव्हती. अशाच एका टेबलाशी कुणीतरी बसून त्याचा आकडा केला असेल. कुणाचं काही चुकलं नव्हतं. विचारणाऱ्याने विचारलं, सांगणाऱ्यांनी सांगितलं, आणि चौघंही त्या संध्याकाळी कर्र आवाज झाल्यावर उठून हात धुवायला गेले.

दुपारी कॅन्टीनमध्ये आकडेवाले त्याच्यासमोर येऊन बसले. "सकाळी काय बिनसलं होतं? पोरीवर खेकसलास." तपासनीस म्हणाला, काही नाही, झोप नाही झाली. डब्यात त्याने सकाळी स्वतःच भरलेलं होतं, अर्धं खाऊन झाकण लावलं. आकडेवाल्यांनी ते पाहिलं. "तुझं जेवण म्हणजे पाखराचं. बायको उपाशी ठेवते असं वाटेल लोकांना." यावर रोज तो हसायचा, आज हसू आलं नाही. त्याच वेळी फोन वाजला. त्याची बायको रुग्णालयात परिचारिका होती आणि तिची कायम दुपारची पाळी असायची, कामावर जाता जाताच ती फोन करायची. मागे गाड्यांचा आवाज होता. "सोमवारी चिंगीचं पुन्हा वजन आहे, लक्षात आहे ना? डॉक्टर म्हणाले, या वेळी वाढलं नसेल तर दाखल करून सगळ्या तपासण्या करू. सुया टोचणार तिला, नळ्या घालणार. मला त्या नळ्या रोज दिसतात रे." "संध्याकाळी ती तुझ्यासमोर जेवते. मी नसतेच. तू बघ ना जरा, का खात नाही ती." तपासनीस म्हणाला, "बघतो." आणि हे तो तीन महिने म्हणत होता.

चिंगी त्यांची एकुलती एक, आठ वर्षांची. शाळेतून कार्ड आलं होतं, वजन वयाच्या मानाने कमी, पालकांनी भेटावे. रक्त तपासून झालं, जंताचं औषध झालं, डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. कशात काही नाही. "घरी जेवताना काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं होतं, आणि तपासनीस म्हणाला होता, "पुरे म्हणते. पोट भरलं म्हणते." डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं होतं. तेव्हा चिंगी खुर्चीवरून पाय हलवत बापाकडे पाहत होती, कसल्याही तक्रारीशिवाय, आणि तो तिच्याकडे पाहून हसला होता. दुपारी खात्यात बसून जुने गठ्ठे उगाच चाळताना त्याला ते हसणं आठवलं. गठ्ठ्यात पान उलटावं तिथे तीन होता. तीन, तीन, दोन, तीन. त्यातल्या कितीजणांनी खरंच पोट भरलं म्हणून म्हटलं असेल आणि कितीजण पळी ऐकून उठले असतील, ते आता ब्रह्मदेवाला विचारलं तरी कळणार नव्हतं. त्याने गठ्ठे बांधून ठेवले. दोरीची गाठ दोनदा सुटली.

संध्याकाळी तो घराचा जिना चढू लागला. चिंगी शाळेतून आल्यावर खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे थांबायची, तो तिला तिथून घ्यायचा. मावशी शिवणकाम करायच्या, दारातच मशीन होतं, तोंडात टाचण्या धरून त्या बोलत. "आज दोन वेळा घेऊन खाल्लं हो तिने," त्या म्हणाल्या. हे त्या नेहमी म्हणायच्या आणि तो नेहमी ते सौजन्य समजून सोडून द्यायचा, लोक म्हणतातच असं. आज त्याने विचारलं, "तुमच्याकडे कसं वाढता तुम्ही तिला?" मावशींनी टाचण्या हातात काढल्या. असला प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "वाढते कुठे? मला मशीनवरून उठायला वेळ कुठे आहे? टेबलावर पातेलं ठेवते, लागेल ते घे म्हणते. घेते ती आपल्या हाताने." मग जरा संशयाने, "का हो? काही बाधलं का तिला?" तो म्हणाला, नाही, नाही, बाधलं काही नाही.

स्वयंपाकघर एवढंसं होतं. ओट्याला लागूनच एक घडीचं टेबल, दोन स्टुलं. चिंगी एका स्टुलावर बसून वहीत फुलाला रंग देत होती आणि तो कांदा चिरत होता, रोजच्यासारखा. भात शिजला, कालवण उकळलं. बायकोचा वाटा त्याने रोजच्यासारखा आधी डब्यात काढून फडताळात ठेवला. हे सगळं करताना तो आपल्याच हातांकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसं बघत होता. स्टीलची पळी होती, आईची लोखंडाची कधीच कुठे गेली. चिंगीच्या ताटात भात घातला, वर एक पळी कालवण. ती खाऊ लागली. बरं खात होती, भराभरा, डावा हात ताटाच्या कडेला लावून. तो नेहमीप्रमाणे ओट्याला टेकून उभा. ताट संपत आलं तेव्हा त्याने पळी पातेल्यात घातली, आणि घातली ती थेट खाली, तळापर्यंत. पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलं होतं. वरून घेता आलं असतं. पण हात खाली गेला, बुडावरून फिरला, आणि आवाज झाला. कर्र.

चिंगी म्हणाली, "पुरे, बाबा."

तिने ते हसून म्हटलं, गुणी पोरीसारखं. ताटातला शेवटचा घास गोळा करून घेतला आणि उठायच्या बेतात पाय खाली सोडले. तपासनीस भरलेली पळी हातात धरून उभा राहिला. पळीतून एक थेंब ओट्यावर पडला, मग दुसरा. तिच्याकडे पाहून त्याला वाटलं, रडावं, पण रडायलासुद्धा अंगात बळ लागतं. या पोरीने दुष्काळ पाहिला नव्हता. हिच्या घरात फडताळ भरलेलं होतं, खालच्या दुकानात उशिरापर्यंत दिवे असायचे, हिला कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. आणि तरीही त्या खेड्यातल्या भिंतीशी पाचवं मूल म्हणून ही येऊन बसली होती, आणि आणून बसवणारा तोच होता.

"थांब," तो म्हणाला. "बस. अजून घे."

तिने पातेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि तुझं?"

"माझं मग."

"मग पुरे," ती म्हणाली. आणि समजावून सांगावं तसं, "तू नेहमी नंतर जेवतोस ना. मग तुला उरायला नको?"

म्हणजे नुसता पळीचा आवाज नव्हता. पोरीने सगळं पाहिलं होतं. ओट्याला टेकून उभं राहणं, नंतर पातेल्यातच भात कालवून चार घास खाणं, आकडेवाले ज्याला पाखराचं म्हणत ते. तिच्यापासून काहीच लपलेलं नव्हतं. तपासनिसाने दुसरं स्टूल ओढलं. फडताळातून ताट काढलं. ते ताट पाहुण्यांसाठीचं होतं, त्याच्या स्वतःच्या नावाचं ताट त्या घरात नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. तो तिच्यासमोर बसला. चिंगी खूश झाली, खेळ असावा तशी. "मी वाढते," म्हणत तिने गुडघ्यावर उभं राहून पळी दोन्ही हातांत घेतली, भात झाला, एक पळी कालवण झालं, अर्धं टेबलावर सांडलं. दुसरी पळी भरून तिने वर धरली. "अजून?"

"पुरे," तपासनीस म्हणाला.

त्याने म्हटलं नव्हतं, तोंडाने म्हटलं. चिंगीचा हात जागच्या जागी थांबला. मग तिने पळी हळूच पातेल्यात परत सोडली आणि आपलं ताट थोडं मागे सरकवलं. "मग मला पण पुरे." ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला भाताचं शीत होतं.

सेहेचाळीस वर्षांत त्याने कुणालाही अजून वाढ म्हटलं नव्हतं. आईला नाही, खानावळीत नाही, लग्नात सासूबाई आग्रह करत होत्या तेव्हा नाही, बायकोला नाही. दोन शब्द, तेही सोपे, पण तोंडातून निघेनात. आई समोर आडवी बसलेली दिसायला लागली, गुडघ्याआड पातेलं, आणि आता आपण हे बोललो तर तिचा हात थांबेल, ती वर बघेल, आणि तिच्या चेहऱ्यावर काय येईल ते त्याला बघायचं नव्हतं. चिमटा काढायला कुणी शेजारी नव्हतं, तरी मांडी आवळली गेली. पोरगी वाट पाहत होती.

"वाढ," तो म्हणाला. आवाज घोगरा आला. "अजून वाढ."

तिने वाढलं. एक पळी, मग न विचारता दुसरी. मग आपल्या ताटातही तिने एक घेतली, त्याच्याकडे बघत बघत, आणि दोघं खाऊ लागले. तो बसून, सावकाश, पहिल्यांदाच चव लागत असल्यासारखा. मीठ कमी होतं. इतके दिवस तिला मीठ कमी असलेलं कालवण घालत होतो, त्याच्या मनात आलं. आणखी एकदा तिने पळी पातेल्यात घातली, आणि या वेळी ती खरीच बुडाला लागली. कर्र झालं. दोघांचेही हात एकदम थांबले. चिंगीने पळी सोडून दिली, बोटं ताटाबाहेर घेतली, आणि तिचं तोंड उघडलं, तो शब्द म्हणायला.

"संपलं," तपासनीस तिच्या आधी म्हणाला.

तिने विचारलं, "आईचं?"

"आईचं डब्यात आहे, हे बघ." त्याने उठून फडताळ उघडून डबा तिला दाखवला, झाकण काढून आतलंही दाखवलं. "हे पातेल्यातलं संपलं. संपलं की परत करायचं. एवढंच असतं." मग पुन्हा स्टुलावर बसून तिच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन त्याने विचारलं, "चिंगे, खरं सांग. तुला भूक आहे अजून?"

तिने रिकाम्या पातेल्यात वाकून पाहिलं. त्याच्या ताटात पाहिलं. दाराकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं.

"आहे," ती म्हणाली, चोरी कबूल करावी इतक्या हळू. "रोजच असते."

तपासनिसाने उठून पातेलं विसळलं आणि पुन्हा शेगडीवर ठेवलं.